शेजारची शाळा किती किलोमीटरवर?

जून जवळ आला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर वह्या-दप्तरांची आवाहनं फिरायला लागतात. कुणाच्या ओळखीत पालघर जिल्ह्यातल्या मोखाड्याकडचे एक गुरुजी असतात, कुणाच्या ऑफिसातला सहकारी मूळचा विक्रमगडचा असतो. शनिवारी पहाटे गाडी भरते, उन्हं चढेपर्यंत शाळेत पोहोचते, मुलं रांगेत बसून टाळ्या वाजवतात, फोटो होतात आणि रात्रीच्या जेवणाला मंडळी घरी. यात वाईट काही नाही, वह्या लागतातच. पण त्या शाळेतल्या शिक्षकाला बाजूला घेऊन, तुम्हाला स्वतःला काय हवंय असं विचारलं, तर आधी तो गोंधळतो. मग संकोचत जे सांगतो ते देणगीच्या यादीत बसत नाही. त्याला एखाद दिवस शाळा सांभाळणारं माणूस हवं असतं, म्हणजे पलीकडच्या पाड्यावरच्या बाईंचा वर्ग एकदा बघून येता येईल. दुसरीची मुलं हातच्याच्या वजाबाकीत का अडतात, हे कुणाशी तरी बोलायचं असतं. आणि ते बोलणं साहेबांशी नको असतं.

लहान शाळेतल्या शिक्षकाला आधार द्यायचा म्हणजे त्याला सहकारी मिळवून द्यायचे. बाकीचं सगळं त्याच्या मागून येतं.

त्या शाळेतला सकाळचा एक तास बघा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे बावीस मुलांची शाळाही कागदावर द्विशिक्षकीच. प्रत्यक्षात एक पद रिक्त, नाहीतर दुसऱ्या बाई प्रसूती रजेवर, नाहीतर दुसरे सर कामगिरीवर भलत्याच शाळेत. उरलेल्या एकाच्या पुढ्यात एक खोली आणि चार वर्ग. परिपाठ संपतो. माणशी शंभर ग्रॅम तांदूळ आणि वीस ग्रॅम डाळ या हिशेबाने २ किलो २०० ग्रॅम तांदूळ आणि ४४० ग्रॅम डाळ मोजून स्वयंपाकी ताईंच्या हवाली करायची आणि रजिस्टरला नोंद करायची. तिसरी-चौथीला फळ्यावर गणितं देऊन पहिलीकडे वळावं, तोच फोन वाजतो: अमुक माहिती दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरा, अतितातडीचं आहे. रेंज वर्गात नसते, शाळेमागच्या चढावर असते. गुरुजी चढावर गेले की वर्ग चौथीतल्या एखाद्या चुणचुणीत मुलीच्या ताब्यात. अशा दिवसात अध्यापनाबद्दल विचार करायला दुसरं डोकं लागतं, आणि तेच तिथे नसतं. शहरातल्या शाळेत स्टाफरूममध्ये चहा पिता पिता निम्मे प्रश्न सुटतात, याची किंमत आपल्याला कळत नाही.

व्यवस्था नाही असं नाही. १९९४ साली महाराष्ट्रात केंद्रप्रमुखांची पदं निर्माण झाली ती याचसाठी. जवळपासच्या दहा-बारा शाळांचं एक केंद्र, त्यात मधली मोठी केंद्रशाळा, महिन्यातून एक शिक्षण परिषद, वर तालुक्याचं गट साधन केंद्र आणि त्याही वर जिल्ह्याची शिक्षक-प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट. आराखडा उत्तम आहे. बिघडतं ते भरणीत. पदं रिक्त राहिली की एकाच प्रभारी माणसाकडे दोन-तीन केंद्रं येतात, परिषद परिपत्रकं वाचण्यात संपते आणि शेवटच्या अर्ध्या तासात घाईघाईने एक नमुना पाठ उरकला जातो. तरीही नवं काही उभं करण्याआधी हीच परिषद ताब्यात घ्यावी, असं आमचं मत आहे. दिवस सरकारी, हजेरी कर्तव्यावरची, केंद्रशाळा हक्काची. याला समांतर बैठक बोलावली तर ती शिक्षकाच्या रविवारावर येते, आणि रविवार त्याला घरच्यांसाठी हवा असतो. पालघर जिल्ह्यातले कितीतरी शिक्षक मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेले आहेत. जव्हारला किंवा वाड्याला खोली घेऊन राहतात. त्यांना जोडून सुट्टी मिळाली की ते गावाची गाडी पकडणार, तुमची कार्यशाळा नव्हे.

परिषद ताब्यात घ्यायची म्हणजे वेळ वाटून घ्यायचा. केंद्रप्रमुखांशी आधी बोलून ठरवायचं की परिपत्रकं आदल्या दिवशी ग्रुपवर येतील आणि परिषदेत त्यांना पंचवीस मिनिटांहून जास्त मिळणार नाहीत. पुढचा दीड तास एकाच अडचणीवर, आणि ती अडचण एखाद्या शिक्षकाने मुलांच्या वह्यांसकट आणलेली. वह्या हव्यातच. "मुलं वाचत नाहीत" या वाक्यावर दीड तास नुसती हळहळ होते. पण तीन मुलांच्या वह्यांची पानं मध्ये ठेवली की कुणाच्या तरी लक्षात येतं की मुलगा जोडाक्षर वाचतो, अडतो तो वेलांटीला. शनिवारी सकाळची शाळा असते तिथे परिषद बाराला सुरू करून चारला संपवावी, म्हणजे एकशिक्षकी शाळेला कुलूप लागत नाही. चारनंतर ताणू नये, कारण शेवटची एसटी गेली तर पुढच्या महिन्यात महिला शिक्षक येणार नाहीत.

केंद्रातले सगळे पंचवीस-तीस शिक्षक मात्र एकमेकांचे सोबती होऊ शकत नाहीत. खरी सोबत पाच-सहा शाळांच्या जाळ्याचीच. त्या निवडताना केंद्राच्या हद्दीपेक्षा रस्ता बघावा. नकाशावर तीन किलोमीटर दिसणारी शाळा मध्ये ओढा असला तर पावसाळ्याचे चार महिने बारा किलोमीटरवर जाते. मोटारसायकलने अर्ध्या तासात गाठता येतील अशाच शाळा घ्याव्यात आणि गृहीत पावसाळ्यातला रस्ता धरावा.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येऊ. दुसऱ्याचा वर्ग बघितल्याशिवाय शिक्षक बदलत नाही, हे सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या अखत्यारीतल्या शाळांनी, राज्याला दाखवलं. एका बीटातल्या चाळीसेक शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या येत होत्या. त्याच वेळचा एक धडाही विसरू नये. बघून गेलेल्यांपैकी अनेकांनी गावी परतल्यावर आधी फरशा रंगवल्या. तळफळे, म्हणजे जमिनीवरचे फळे, झाले, खांबांवर पाढे चढले, ऑइलपेंट एकदोन पावसाळ्यांत उडाला आणि वर्ग होता तसाच राहिला. एका दिवसाच्या भेटीत भिंत दिसते. मुलं गटात बसून काय करतात आणि शिक्षक त्या वेळी नेमकं कुठे असतो, हे दिसायला त्याच वर्गात दोन-तीनदा जावं लागतं. ते शेजारच्याच शाळेत शक्य आहे.

पण जाणार कसा? आपल्या शाळेला कुलूप लावून? पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरावी लागते, आणि कुलूप दिसलं की गावात बोललं जातं ते वेगळंच. म्हणून जाळ्याची पहिली गाठ बदली माणसाची. दोन वाटा चालतात. पहिली जोडशाळेची: जिथे खरोखर दोन-तीन शिक्षक हजर आहेत त्या शाळेने पंधरा दिवसांतून एक दिवस आपला एक शिक्षक शेजारी द्यायचा. यासाठी केंद्रप्रमुखांचा लेखी आदेश घ्यावा, दोन्ही शाळांच्या हालचाल रजिस्टरला नोंद करावी. तोंडी परवानगीवर कुणी चार महिने बिनघोर चालवतं, आणि मग नेमकं त्याच दिवशी तपासणी येते किंवा एखादं मूल पडतं. मग परवानगी दिल्याचं कुणालाच आठवत नाही. शेजारधर्म निभावणारा माणूस अनधिकृत गैरहजर ठरतो आणि पुन्हा त्या केंद्रात कुणी कुणाच्या शाळेत जात नाही.

दुसरी वाट गावातल्या बारावी झालेल्या मुलीची किंवा मुलाची. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, महिन्यातले दोन दिवस ठरवून, मानधन देऊन. नवं काही शिकवण्याचं काम तिचं नाही. शिक्षकाने आदल्या दिवशी लावून ठेवलेला स्वाध्याय, गोष्टीचं वाचन आणि खेळ एवढंच. मुंबईकरांनी पैसा घालायचा तर इथे घालावा. दिवसाला चारशे रुपये धरले तर दहा महिन्यांचे वीस दिवस, आठ हजार रुपये. शाळेच्या एका बाजूच्या रंगकामालाही एवढे पुरायचे नाहीत. अडचण अशी की या खर्चाचा फोटो निघत नाही.

दोन शिक्षक एकमेकांकडे जायला लागले की कामं वाटून घ्यायची कल्पना आपोआप सुचते. बहुवर्ग अध्यापनात शिक्षक एका गटाबरोबर असताना दुसऱ्या गटाला स्वतःहून करण्याजोगं काम लागतं, आणि असं काम रोज तयार करणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. पाच शाळांनी पाच आठवडे वाटून घेतले, प्रत्येकाने आपल्या आठवड्याच्या स्वाध्यायपत्रिका केल्या, की एका आठवड्याच्या मेहनतीत पाच आठवड्यांची बेगमी होते. पत्रिका मोठ्या अक्षरात, एका पानावर एकच काम, आणि सूचना इतकी थोडी की तिसरीतलं मूल स्वतः वाचून सुरुवात करील. छपाई मुंबईत करून द्यायची असेल तर लेझर प्रिंटवर करा. इंकजेटची शाई जुलैच्या दमट हवेत पसरते. कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात घालून वर मार्करने लिहायला दिला की एकच संच वर्षभर पुरतो. मार्कर मात्र दर महिन्याला लागतात आणि तेच पाठवायला लोक विसरतात.

साहित्याचंही तेच. प्रत्येक शाळेला एकेक संच देण्यापेक्षा पाच शाळांत फिरणारी एक पत्र्याची पेटी जास्त वापरली जाते, कारण ती पुढच्या परिषदेला परत न्यायची असते. पेटी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर बांधता आली पाहिजे, म्हणजे भरलेली दहा-बारा किलोंच्या आत. आत दहा-दहाचे काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या, शंभर मण्यांची दोरंगी माळ, एकक-दशक-शतकाची संख्याकार्डं, खेळण्यातल्या नोटा, अक्षरकार्डं, लहान तराजू आणि चाळीस पातळ गोष्टींची पुस्तकं. झाकणाच्या आतल्या बाजूला नगांची यादी चिकटवायची आणि प्रत्येक संचाला एका रंगाचा ठिपका द्यायचा. नाहीतर तिसऱ्या शाळेत पोहोचेपर्यंत दोन संचांची कार्डं एकमेकांत मिसळतात, आणि मिसळलेला संच कुणीच उघडत नाही.

साहित्य कपाटात कुलूपबंद राहतं यावर मुंबईचे देणगीदार फार रागावतात. कारण समजून घ्या. आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. मोडली किंवा हरवली तर तपासणीत उत्तर मुख्याध्यापकाने द्यायचं. मग तो ती जपतो. देणगीपत्रातच स्पष्ट लिहून द्या की हे साहित्य मुलांच्या हाताळणीसाठी आहे, वापरात मोडणं-हरवणं अपेक्षित आहे, आणि दरवर्षी अमुक नग नव्याने मिळतील. हे एक वाक्य पत्रात असलं की कपाटाची किल्ली बरीच सैल होते.

फोनवरच्या ग्रुपबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येकाचे हात पोळलेले आहेत. दहा-बारा जणांचा ठेवा. परिपत्रकांचा ग्रुप वेगळा आहे, तो असू द्या. या ग्रुपमध्ये अधिकारी नकोत, ते कितीही चांगले असोत. वरिष्ठ आत आले की ज्याला काही जमत नाही तो गप्प होतो आणि ज्याला फोटो काढता येतात तो बोलू लागतो. प्रश्न टाकताना इयत्ता, पाठ, मी काय केलं आणि मुलांनी काय केलं एवढं लिहायचं. उत्तर आवाजात दिलेलं बरं, दोन मिनिटांच्या आत. व्हिडिओ चढावर उभं राहून उतरवून घेणं काय असतं ते एकदा जाऊन बघावं.

माहिती भरण्याच्या कामात मात्र जाळं फसू शकतं. प्रत्येक केंद्रात एक तरबेज सर असतात. शाळेच्या माहितीच्या यूडायसपासून पगाराच्या शालार्थपर्यंत सगळं त्यांना येतं. जाळं सुरू झालं की पाचही शाळांची कामं प्रेमाने त्यांच्याकडे जातात आणि दिवाळीपर्यंत त्यांच्याच वर्गाची वाट लागते. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो. प्रत्येक शाळेने दोन पानांची माहितीची वही ठेवायची: वर्गवार, लिंगवार आणि प्रवर्गवार पट, खोल्या, स्वच्छतागृहं, पाणी, वीजमीटर क्रमांक, शाळेचा यूडायस क्रमांक, बँक खातं. दर महिन्याच्या शेवटी दुरुस्त करायची. बहुतेक अतितातडीच्या पत्रांची उत्तरं या दोन पानांत असतात. तरबेज सरांनी भरून द्यायचं नाही, शेजारी बसून भरून घ्यायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामं शिक्षकाला देता येत नाहीत, हे सगळ्यांना पाठ आहे. अडचण अशी की माहिती भरणं हे शाळेचंच काम म्हणून येतं, त्यामुळे कलम दाखवून त्यातून सुटका होत नाही.

मुंबईत बसलेल्या माणसाची जागा यात कुठे? मुंबई आणि डहाणूची ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक मुंबईत बालशिक्षणाचं काम करत होत्या, तिथून त्या १९४५ साली बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर गेल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हललं. मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली, एवढं धाडस त्यांनी केलं. एखादा प्रयोग फसला तर संध्याकाळी त्याबद्दल बोलायला तिथेच दुसरं जाणतं माणूस होतं, हा भाग आपण त्यांची थोरवी सांगताना वगळतो. आज सगळ्यांना तिथे जाऊन राहता येणार नाही. पण इथल्या निवृत्त झालेल्या बाईंना तिकडच्या शिक्षकाला आठवड्यातून एकदा वीस मिनिटं फोन करता येतो. वार आणि वेळ ठरलेली, रात्री साडेआठची, कारण तोवर माणूस खोलीवर पोहोचलेला असतो. पहिले दोन महिने सल्ला द्यायचा नाही, हा नियम कडक पाळा. "सर, या आठवड्यात कुठला पाठ अडला?" एवढं विचारायचं आणि ऐकायचं. समोरून "सगळं छान चाललंय बाई" असंच येत राहील. चौथ्या-पाचव्या फोनला खरं बोलणं सुरू होतं. आमच्या वेळी आम्ही असं करायचो, हे वाक्य ज्यांना आवरत नाही त्यांनी पेटीचे हिशेब सांभाळावेत.

ही देवाणघेवाण एकतर्फी आहे असंही कुणी समजू नये. मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळांचा पट घसरत चाललाय, दोन वर्ग एकत्र बसवायची वेळ इथल्याही शिक्षकांवर येते. बहुवर्ग कसा हाताळायचा हे त्यांनी मोखाड्याच्या गुरुजींना विचारावं. कसारा लोकलने अडीच तास आणि पुढे खोडाळ्याची एसटी, एवढंच अंतर आहे. गेलात तर शाळेच्या दिवशी जा, मागे बसा, सत्कार घेऊ नका आणि एका वेळी दोघांहून जास्त जाऊ नका.

नव्याने नेमणूक झालेल्या शिक्षकाचं प्रकरण वेगळं आहे. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेली तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी लातूरहून थेट पाड्यावर येते, तेव्हा तिला पहिल्या सहा आठवड्यांत अध्यापनशास्त्र नको असतं. खोली, पाणी, गॅस, शेवटच्या गाडीची वेळ, विंचू-साप चावला तर कुठल्या दवाखान्यात उपचार मिळतात, आणि सोबत जाणारी कुणीतरी. तिच्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असलेली शिक्षिका जोडीला द्यावी. वीस वर्षं मुरलेल्या सरांना या प्रश्नांची उत्तरं माहीत असतात, पण तिला ती त्यांना विचारवत नाहीत. भाषेचंही पहिल्या महिन्यातच बघावं. वारली किंवा कातकरी मुलांच्या घरातले शे-दीडशे शब्द अंगणवाडीच्या ताईंकडून लिहून घेतलेली एक वही पाचही शाळांत फिरवली, तर पहिलीच्या वर्गात मुलं बोलती व्हायला फार वेळ लागत नाही.

जाळी मरतात ती बदल्यांच्या हंगामात. पाचांतले दोघे एकदम गेले की पेटी कुणाकडे, परिषदेत वेळ कुणी मागायचा, हेच ठाऊक नसतं. प्रत्येक काम दोघांच्या हाती ठेवा आणि ते दोघे एकाच वर्षी बदलीपात्र नसतील एवढं बघा.

सुरुवात जूनमध्ये करू नका. प्रवेश, पुस्तकं आणि पाऊस यात कुणाला उसंत नसते. ऑगस्टच्या शेवटी रस्ते जरा उघडतात, तेव्हा करा. दिवाळीपर्यंत दोन-अडीच महिने मिळतात, आणि दिवाळीनंतर या शाळांवर वेगळंच संकट येतं. घरंच्या घरं वीटभट्टीवर निघून जातात, वाडा, भिवंडी, वसईकडे. तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मुलाबरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायची सोय आहे, पण कार्ड देऊन काम भागत नाही. कार्डाच्या पाठीवर दोन्ही बाजूंच्या शिक्षकांचे फोन नंबर हवेत. मूल निघालं त्या आठवड्यातच इकडच्या बाईंनी तिकडच्या सरांना फोन करून सांगायला हवं की सुकन्या तिसरीत आहे, वाचते, बेरीज येते, वजाबाकी सुरू केलीय, भावाला कडेवर घेऊन येईल, त्याला बसू द्या. तिकडच्या सरांना वर्षाच्या मध्यात वाढलेली मुलं म्हणजे वाढलेलं रेकॉर्डच वाटतं. तालुका सोडून पलीकडे एक ओळखीचा आवाज असेल तर ते भट्टीवर चक्कर टाकतात. म्हणून पाच शाळांच्या यादीत सहावी शाळा भट्टीपट्ट्यातली घ्यावी, आणि तिथल्या शिक्षकांना ऑक्टोबरच्याच परिषदेला बोलावून घ्यावं.